पणजोबांच्या १९१३ च्या प्रोबेटमध्ये आजोबांचं नावच नाही, पुढे कुठे शोधू?

गिरगावची_पणती

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आता अडलंय म्हणून लिहितेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या आत्याच्या कपाटात पणजोबांच्या मृत्युपत्राची प्रोबेट कॉपी, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं सर्टिफिकेट, निघाली. मुंबई हायकोर्टाचा शिक्का आहे, कागद घडीवर फाटलाय पण वाचता येतं, सगळं इंग्रजीत. मृत्युपत्र १९०९ सालचं आणि प्रोबेट १९१३ चं. पणजोबा गिरगावात राहायचे, छापखान्यात खिळे जुळवायला लागले आणि नंतर भागीदारीत स्वतःचा छोटा छापखाना काढला इतपत माहिती घरात होती. मूळ गाव "कोकणात कुठेतरी", यापलीकडे कोणालाच सांगता येत नाही.

आता गंमत अशी की मृत्युपत्रात दुसऱ्या बायकोला हयातभर खोलीत राहायचा हक्क आणि महिना १२ रुपये, धाकट्या मुलीच्या लग्नाला ४०० रुपये आणि छापखान्यातला हिस्सा एका "नेफ्यू"ला, आणि तोच एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा. आमचे आजोबा म्हणजे पहिल्या बायकोचा मुलगा, १९०९ ला सतरा-अठरा वर्षांचे असतील, त्यांचं नाव अख्ख्या कागदात एकदाही नाही!! पहिल्या बायकोचा उल्लेख नाही, आजोबांना एक मोठी बहीण होती म्हणतात तिचाही नाही. घरात लहानपणापासून ऐकत आलोय की सावत्र आईनं घराबाहेर काढलं आणि वडिलांनी बेदखल केलं. आजोबा स्वतः या विषयावर कधी बोलले नाहीत.

तर मला विचारायचंय की नाव नाही म्हणजे खरंच बेदखल केलं असं धरायचं का, आणि या एका कागदावरून पुढे कुटुंब शोधायचं कसं, म्हणजे मूळ गाव, ती बहीण, आणि जमलं तर पहिल्या पणजीचं माहेर. मालमत्तेशी मला काही देणंघेणं नाही, फक्त माणसं शोधायची आहेत.

---

जुना_कारकून

ताई, मी एका सॉलिसिटर फर्ममध्ये आयुष्य काढलं आणि त्यातली बरीच वर्षं टेस्टामेंटरीची, म्हणजे मृत्युपत्रांची कामं बघितली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे बेदखल हा शब्द आत्ता बाजूला ठेवा. त्या काळात हिंदू माणसाला मृत्युपत्र करता यायचं ते फक्त स्वकष्टार्जित मालमत्तेचं. एकत्र कुटुंबातला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्रानं देता यायचाच नाही, ती सोय १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं झाली. वडील गेले की वडिलोपार्जित घर-जमीन हयात मुलाकडे आपोआप यायची, तिच्यासाठी कागद लागायचा नाही. म्हणून बाप मृत्युपत्र करायचा ते मुलाला काही द्यायला नाही, तर ज्यांना कायद्यानं काही मिळणार नाही त्यांची सोय लावायला, म्हणजे बायको, लग्नाची मुलगी, पुतण्या, एखादं देवस्थान. थोरला मुलगा कागदात नाही असं मी कितीतरी वेळा बघितलंय. तुमच्या पणजोबांनी नेमकं तेच केलेलं दिसतंय, छापखाना स्वतःचा म्हणून पुतण्याला आणि बायको-मुलीची तजवीज. बेदखल करायचं असतं तर बहुधा तसं लिहिलंच असतं, वकील लोक ते वाक्य आवर्जून घालायला लावायचे.

दुसरी शक्यता अशी की मुलगा आधीच वेगळा झाला असेल. तसं असेल तर वाटणीपत्र किंवा फारखत (वेगळं झाल्याचा कागद) असणार, आणि रजिस्टर झालं असेल तर ते उपनिबंधकाच्या बुक नंबर १ मध्ये सापडतं. बुक १ आणि त्याचे इंडेक्स कोणालाही फी भरून बघता येतात. इंडेक्स एक नावांचा, इंडेक्स दोन मिळकतीचा. तुम्हाला नावांचा हवा.

आता मुख्य मुद्दा. तुमच्याकडे आहे ती प्रोबेट, म्हणजे कोर्टाचं सर्टिफिकेट आणि त्याला जोडलेली मृत्युपत्राची नक्कल. कुटुंब त्यात नसतं, कुटुंब असतं पेटिशनच्या फाईलमध्ये. ती फाईल कोर्टात राहते, पक्षकाराच्या घरी येते ती फक्त प्रोबेट. फाईलमध्ये काय काय असतं सांगतो, एक्झिक्युटरचा अर्ज, साक्षीदाराचं अ‍ॅफिडेव्हिट ज्यात त्याचं वय धंदा पत्ता, मूळ मृत्युपत्र मराठीत असेल तर कोर्टाच्या ट्रान्सलेटरनं केलेलं भाषांतर, इतर वारसांना काढलेली सायटेशन (कोर्टाची नोटीस) आणि ती कोणाला कुठल्या पत्त्यावर पोचली त्याचा बेलिफचा शेरा, कोणी संमती दिली असेल तर ते कागद, आणि कोणी हरकत घेतली असेल तर कॅव्हेट. कॅव्हेट मिळालं तर तुमचं नशीब, कारण हरकत घेणाऱ्याला आपला मयताशी काय संबंध आणि कशात हितसंबंध हे अ‍ॅफिडेव्हिटवर सांगावं लागतं. तिथून पुढे पेटिशनचा दावा होतो आणि मग दोन्ही बाजू सगळी भावकी काढून मांडतात. भांडणं जितकी जास्त तितकी वंशावळ चांगली, हे आमच्या ऑफिसातलं ठरलेलं वाक्य.

प्रोबेटच्या वरच्या कोपऱ्यात पेटिशन नंबर आणि साल असेल. ते घेऊन प्रोथोनोटरी अँड सीनियर मास्टर यांच्या कार्यालयात, टेस्टामेंटरी विभागात शोध आणि नकलेसाठी अर्ज करायचा. तुम्ही पणती आहात हे दाखवणारे कागद सोबत ठेवा, तुमचा, वडिलांचा जन्मदाखला वगैरे. आणि अर्जात "मृत्युपत्राची नक्कल" असं लिहू नका, "संपूर्ण पेटिशन, अ‍ॅनेक्श्चर, अ‍ॅफिडेव्हिट, सायटेशन आणि इन्व्हेंटरी व हिशोब" असं लिहा. जेवढं मागाल तेवढंच मिळतं.

---

शोधतेय_अजून

वर काकांनी लिहिलंय त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांना अधोरेखित करते, इन्व्हेंटरी आणि हिशोब!! एक्झिक्युटरला प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात जमाखर्च कोर्टात द्यावा लागतो, नियम जुनाच आहे. सगळे देत नव्हते पण ज्यांनी दिला त्यांचा जमाखर्च म्हणजे खजिना असतो. माझ्या आईच्या आजोबांच्या हिशोबात खर्चाच्या बाजूला दहाव्या-बाराव्याचा खर्च वेगळा, डॉक्टरचं बिल वेगळं, गड्याचा राहिलेला पगार, आणि मग एका ओळीत "अस्थी घेऊन नाशिकला जाण्याचा खर्च, दोन माणसं, रेल्वे भाडं आणि उपाध्याय दक्षिणा" असं होतं. दुसरा माणूस कोण तर "मयताचे व्याही" म्हणून नाव, गाव सगळं. त्या व्याह्यांचं नाव आमच्या घरात कोणी ऐकलंही नव्हतं! त्यावरून आईच्या एका आत्याचं सासर सापडलं.

अजून काही टिप्स सुचतात तशा लिहिते. नंबर नसेल तर वर्षाच्या इंडेक्सातून शोधावं लागतं आणि मी बघितलेल्या जुन्या इंडेक्सात आपल्या लोकांची नावं आडनावानं नाही तर पहिल्या नावानं लावलेली होती, म्हणजे जोशी शोधत बसलात तर जन्मभर मिळणार नाही. स्पेलिंगचा तर आनंदच आहे, वासुदेव व्ही नं पण आणि डब्ल्यू नं पण, लक्ष्मण एल यू एक्स नं, कृष्णाजी सी नं. ज्या ज्या अक्षरानं सुरू होऊ शकेल ती सगळी पानं बघायची.

आणि मृत्यूचं साल माहीत असलं तरी तेवढंच साल बघून परत येऊ नका. प्रोबेट लगेच काढायलाच हवं असं नसतं, पुष्कळदा कोणी शेअर ट्रान्सफर करायला गेलं किंवा खोली विकायची वेळ आली की मग धावपळ व्हायची. दहा-पंधरा वर्षं पुढेपर्यंत बघायची तयारी ठेवा. तुमच्या केसमध्ये पणजोबा नक्की कधी गेले ते माहिती आहे का? १९०९ ते १९१३ मध्ये बरंच काही घडू शकतं.

"नेफ्यू" म्हणजे पुतण्या की भाचा हे मूळ मराठी मृत्युपत्र बघितल्याशिवाय ठरवू नका हं. भाचा निघाला तर आडनाव वेगळं आणि तुमचा शोध भलत्याच घराण्यात जाईल.

---

सरळ_प्रश्न

मग आता त्या गिरगावच्या खोलीत किंवा छापखान्यात तुम्हाला हक्क मिळेल का? आमच्याकडे पण असंच एक मृत्युपत्र आहे १९४० चं, चुलत्यांनी सगळं घेतलं.

---

जुना_कारकून

@सरळ_प्रश्न साहेब, ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की मालमत्ता नको, माणसं हवीत. तुमच्या प्रकरणाचा वेगळा धागा काढा, सांगतो तिकडे. एकच सांगतो, ८० वर्षांनी वकिलाकडे जाण्याआधी मुदतीच्या कायद्याची चौकशी करा.

---

मोडीचा_नाद

पणतीताई, मुंबईतल्या कागदांचं जुना कारकून बोललेत ते शंभर टक्के. मी गावाकडच्या बाजूचं सांगतो, कारण मुंबईत जे नियम होते ते बाहेर नव्हते हे लोकांच्या लक्षात येत नाही. १८७० चा हिंदू विल्स अ‍ॅक्ट आपल्या इलाख्यात फक्त मुंबई शहरापुरता होता, १ सप्टेंबर १८७० पासून. त्यामुळे शहरातल्या हिंदूंची प्रोबेट भरपूर सापडतात आणि पुणे सातारा रत्नागिरीकडे तशी सापडत नाहीत. याचा अर्थ तिकडे कागदच नाहीत असा नाही, तिकडे वेगळा कागद आहे. वारसाचा दाखला, जो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली जिल्ह्याच्या कोर्टातून मिळायचा, आजही मिळतो. तो देण्याआधी जाहीरनामा काढून हरकती मागवतात. दुसरं सक्सेशन सर्टिफिकेट, बँकेतले पैसे किंवा येणी वसूल करायला, त्याच्या अर्जात मयताचे कुटुंबीय आणि जवळचे नातेवाईक, राहण्याच्या ठिकाणासकट लिहावे लागतात. मृत्युपत्र नसताना मालमत्ता सांभाळायचा कोर्टाचा अधिकार, म्हणजे लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन मागितलं तरी तसंच. वंश शोधणाऱ्याला मी तर म्हणेन मृत्युपत्र न करता गेलेला पूर्वज जास्त उपयोगाचा! मृत्युपत्र करणारा आपल्याला हवे तेवढेच लोक लिहितो, न करता गेलेल्याचे सगळे लिहावे लागतात.

इनाम किंवा वतन असेल घराण्यात (कुलकर्णी, देशमुख, पाटील, जोशीपण वगैरे) तर पुण्याच्या पुराभिलेखागारात इनाम कमिशनच्या कागदात वंशावळीच्या वंशावळी पडल्यात, कारण इनाम चालू ठेवायचं तर मूळ पुरुषापासून आपण कसे आलो हे सिद्ध करावं लागायचं. यातलं पुष्कळ मोडीत आहे. वाचताना "बिन" आलं की पुढे बापाचं नाव आणि "कोम" आलं की पुढे नवऱ्याचं, एवढं माहीत असलं तरी अर्धी वंशावळ उलगडते. शक सालात ७८ मिळवले की इसवी सन, जानेवारीपासून चैत्राच्या आधीपर्यंतच्या तारखा असतील तर ७९.

आता पहिल्या पणजीचं माहेर. हे कुठल्याही प्रोबेटमध्ये मिळणार नाही, कशाला असेल, ती बहुधा १९०९ च्या आधीच गेलेली. पण तुमच्या आजोबांनी श्राद्ध-पक्ष केला असेल ना? मग घरात श्राद्धाची वही किंवा निदान एखादा नावांचा कागद असणार, कारण भटजींना सगळी नावं गोत्रासकट लागतात. त्यात बाप आजा पणजा असतात तसे आईकडचे पण तीन असतात, मातामह, मातुःपितामह, मातुःप्रपितामह, आणि त्यांच्या बायका. म्हणजे आजोबांच्या वहीतले मातामह हेच तुमच्या पहिल्या पणजीचे वडील. सावत्र आई कितीही असो, तर्पणात आईचं घराणं सख्ख्या आईचंच येतं. कपाट उपसताना लाल पुठ्ठ्याच्या, कुंकवाचे डाग पडलेल्या वह्या रद्दीत जातात, आधी त्या बघा.

आणि नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर. तीर्थोपाध्यायांच्या नामावळी असतात, घराण्याचं आडनाव आणि गाव सांगितलं की ते आपली वही काढतात, त्यात कोण कधी आलं, बापाचं आज्याचं भावांचं नाव, कधीकधी स्वतःच्या हातची सही. गाव माहीत नसलं तर कठीण जातं, कारण एकाच आडनावाची अनेक गावं असतात, पण अशक्य नाही.

---

मांडवीपार

आमच्या गोव्यात याच्या बरोब्बर उलटं आहे म्हणून लिहितो. पोर्तुगीज सिव्हिल कोडवरून चालत आलेल्या वारसा कायद्यामुळे मुलांना सहसा वगळता येत नाही, मृत्युपत्रानं फक्त अर्धा हिस्सा देता येतो आणि उरलेला अर्धा मुलांचा ठरलेला. त्यामुळे माणूस गेला की इन्व्हेंटरी प्रोसिडिंग, म्हणजे वारसांची आणि मालमत्तेची कोर्टातली वाटणी, त्यात सगळे वारस, त्यांचे नवरे-बायका, लग्न कुठे झालं, सगळं. माझ्या मावशीच्या सासरची चार पिढ्यांची भावकी एका इन्व्हेंटरी फाईलमधून निघाली, फक्त पोर्तुगीज वाचणारा माणूस शोधावा लागला. कोकणातलं कुटुंब असेल आणि कोणी गोव्यात पेडणे बाजूला दिलेली मुलगी असेल (ती बहीण?) तर तिकडेही बघा. सासरच्या इन्व्हेंटरीत तिच्या वडिलांचं नाव मिळू शकतं.

---

गिरगावची_पणती

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. काकांचा तो बेदखलचा परिच्छेद आईला वाचून दाखवला, ती बराच वेळ गप्प होती मग म्हणाली "म्हणजे आजवर त्या बाईला उगाच शिव्या घातल्या का काय आपण". अजून सिद्ध काही नाही म्हटलं.

आता नवीन माहिती. माझ्याकडे आत्याच्या मुलानं पहिल्या काही पानांचेच फोटो पाठवले होते. उरलेली पानं काल आली. मागे दोन तक्ते आहेत, अ‍ॅनेक्श्चर ए आणि बी. ए मध्ये छापखान्यातला निम्मा हिस्सा, टाईपचे खिळे किती पौंड तेपण लिहिलंय, एक ट्रेडल मशीन, पोस्टातली शिल्लक, एक चांदीची पळी-पंचपात्री आणि एक भिंतीवरचं घड्याळ. बी मध्ये कर्जं, कागदवाल्याचं देणं, अंत्यविधीचा खर्च, आणि सगळ्यात खाली मयताकडे विश्वस्त म्हणून असलेली मालमत्ता असं काहीतरी कलम आहे, त्याच्यापुढे टाईप केलंय की मौजे अमुक, तालुका राजापूर इथल्या वडिलोपार्जित घरातला आणि जमिनीतला हिस्सा. गावाचं नाव नेमकं घडीवर आलंय!! पहिली दोन अक्षरं आणि शेवटचं एक दिसतंय, भिंगानं बघितलं तरी मधलं जात नाही. पण राजापूर तालुका मिळाला, हेच आम्हाला कोणाला माहीत नव्हतं.

याचा अर्थ काय लावायचा? विश्वस्त कोणाचे होते ते?

---

जुना_कारकून

वा! ताई, हे तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. हे दोन्ही तक्ते कोर्ट फी ॲक्ट १८७० च्या तिसऱ्या परिशिष्टातले. प्रोबेटला फी लागते ती मालमत्तेच्या किमतीवर, म्हणून ए मध्ये सगळं मांडायचं आणि बी मध्ये वजा करायचं काय ते मांडायचं, कर्ज, अंत्यविधी, गहाण, आणि मयताच्या नावावर असून त्याच्या स्वतःच्या उपभोगाची नाही अशी ट्रस्टची मिळकत. तेव्हा एकत्र कुटुंबाचा हिस्सा वारसानं जायचा नाही, तो उरलेल्या सहहिस्सेदारांकडे जायचा, म्हणून वकील लोक कधीकधी तो त्या कलमात दाखवायचे, म्हणजे त्यावर फी पडायला नको. विश्वस्त वगैरे म्हणजे देवस्थानाचे असतीलच असं नाही.

म्हणजे १९१३ ला एक्झिक्युटरनं स्वतः शपथेवर सांगितलंय की राजापूरकडचं घर-जमीन एकत्र कुटुंबाची आहे आणि मृत्युपत्रात येत नाही. सहहिस्सेदार कोण? पणजोबांचे भाऊ, पुतणे आणि तुमचे आजोबा. म्हणून त्यांचं नाव मृत्युपत्रात घालायचं कारणच नव्हतं. घरात वाद झाला नाही असं मी म्हणत नाही, सतरा वर्षांचा मुलगा, सावत्र आई, छापखाना त्या नेफ्यूला गेलेला, मनात राहिलं असेल. पण बेदखल हा शब्द या कागदाला लागू होत नाही.

गावाच्या नावाचा त्रास करून घेऊ नका, पेटिशनच्या फाईलमधल्या मूळ अ‍ॅनेक्श्चरवर घडी तिथेच असायची नाही. आणि फाईल मागताना त्याच सालचं कॅव्हेट रजिस्टर पण बघायला मिळतं का ते विचारा. आजोबा १९१३ ला सज्ञान झालेले होते, त्यांनी हरकत घेतली होती की नव्हती हे एका नोंदीवरून कळेल.

---

मोडीचा_नाद

तालुका राजापूर आणि पहिली दोन अक्षरं एवढं पुष्कळ झालं. तालुक्याची गावांची यादी घेऊन बसा, जुळणारी तीन-चारच निघतील. मग त्या गावांचे जुने फेरफार, गाव नमुना ६. १९०३ च्या कायद्यानं हक्कनोंदणी सुरू झाली आणि हळूहळू गावोगाव पोचली, त्यामुळे पणजोबा गेल्यावर त्यांच्या हिश्शाला वारस लागल्याची नोंद कधीतरी झालेलीच असणार, मुंबईत असलेल्या माणसाची तर उशिरा का होईना. त्या फेरफारात "मयत अमुक, वारस मुलगा तमुक, राहणार मुंबई" अशी एक ओळ असते. तीच तुम्हाला हवी. तलाठ्याकडे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात. सरकारच्या महाभूमी साईटवर जुने अभिलेख स्कॅन करून टाकलेत काही तालुक्यांचे, आधी घरबसल्या बघून घ्या. खोती गाव (सारा वसुली वंशपरंपरेनं खोताकडे असलेलं) असेल तर खोताच्या कागदात आणखी मागे जाता येईल, पण ते पुढचं पुढे.

फेरफारात चुलत भावंडांची नावं पण येतील, त्यांची आजची पिढी अजून गावात असू शकते हो. जाताना एखादा जुना फोटो घेऊन जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की जमिनीसाठी आलो नाही, नाहीतर दार उघडणार नाहीत.

---

शोधतेय_अजून

खरंय, आमच्याकडे गावी गेल्यावर पहिला प्रश्न "सातबारा आणलाय का" हाच होता.

आणि पणतीताई, बहिणीसाठी एक. मुलीच्या लग्नाला ४०० ठेवलेत म्हणजे धाकटीचंच लग्न राहिलं होतं, मोठीचं १९०९ च्या आधी झालं असणार, म्हणून ती कागदात नाही. तिचा शोध एक्झिक्युटरच्या हिशोबात घ्या, बाराव्या-तेराव्याला आलेल्या लेकीची पाठवणी, लुगडं, गाडीभाडं असं कुठेतरी दिसतं. त्या नेफ्यूनं हिशोब दिला असेल अशी प्रार्थना करा.

---

गिरगावची_पणती

गावांच्या यादीत दोन नावं जुळतायत आत्ता तरी. सोमवारी पेटिशनच्या अर्जाचा मसुदा इथे टाकते, काका एकदा नजर घाला प्लीज. आत्याला श्राद्धाच्या वहीचं विचारलं तर म्हणाली आजोबांची एक वही काकाकडे पुण्याला आहे, दर पक्षाला तीच काढतात, पण कोणी कधी नीट वाचलेली नाही. त्याला फोटो पाठवायला सांगितलंय. मातामह नेमके कुठे लिहिलेले असतात, म्हणजे कसं ओळखू?

---

मोडीचा_नाद

बापाकडच्या तिघांचं गोत्र एकच असेल, तुमचंच. त्याच्याखाली गोत्र बदललेलं दिसलं की तिथून आईचं घराणं सुरू झालं समजा. त्या तिघांची नावं आणि गोत्र इथे टाका. आडनाव बहुतेक लिहिलेलं नसतं, पण गोत्र आणि राजापूरच्या आसपासची गावं धरली की यादी फार मोठी उरत नाही. वहीचे फोटो काढताना मागची पानं पण काढायला सांगा काकांना, तिथे लोक तिथी लिहून ठेवतात, आणि पहिल्या पणजीची तिथी असली तर भटजींनी तिचं नावही बाजूला लिहिलेलं असेल.